मणक्याची गादी कोणीही बसवत नाही

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या कमरेत कळ आली आणि ती मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. दादा टेम्पो चालवतो आणि माल स्वतःच चढवतो-उतरवतो. फरश्यांची पेटी उचलताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तो टेम्पोच्या फाळक्याला धरून तसाच वाकलेला राहिला. चार दिवसांनी एमआरआय झाला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबतेय, असं रिपोर्टात होतं. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो जमिनीवर पाठ टेकून, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडला होता आणि त्याच्या उशाशी दोन पक्ष भांडत होते. वहिनीकडे एका कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्याचे, व्हिडिओ होते. वाकलेला माणूस आत येतो, कुशीवर निजतो, एक झटका, मोठा 'कट्' असा आवाज, आणि तो डोळे पुसत सरळ उभा राहतो. तिच्या मामांचं म्हणणं होतं की असल्या हाडं मोडणाऱ्याकडे गेलात तर जन्माचं पांगळेपण येईल, त्यापेक्षा ऑपरेशन करून मोकळे व्हा. दीड तास हे चाललं. त्या दीड तासात दादाला कोणी एवढंही विचारलं नाही की लघवीला नीट होतंय का, दोन्ही जांघांच्या मध्ये बधिर वाटतं का, टाचांवर चार पावलं चालून दाखवशील का.

हाच वाद आज घराघरांत चालू आहे. एका बाजूला 'ऑपरेशनशिवाय गादी जागेवर' अशी पाटी, दुसऱ्या बाजूला 'हे सगळे भोंदू' असं एका वाक्यात आटोपणारे डॉक्टर. दोघेही एकाच प्रश्नावर भांडतात: गादी बसवणार कोण? माझं म्हणणं असं की हा प्रश्नच खोटा आहे. गादी सरकत नाही आणि कोणी बसवतही नाही. बहुतेक रोग्यांत ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीर स्वतःच निस्तरतं. म्हणून उपचार करणाऱ्याची परीक्षा झटक्याच्या आवाजावर किंवा टाक्यांच्या संख्येवर होऊ नये. ज्या थोड्या रोग्यांना थांबण्याची मुभा नसते, त्यांना तो वेळेत ओळखतो का, आणि ओळखायला चुकला तर त्याला जाब विचारायला जागा आहे का, हे पाहावं. कायरोप्रॅक्टिकच्या बाबतीत आपल्या देशात या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही. ते कायद्यानेच द्यावं लागेल.

'गादी सरकली' हे शब्दच आधी घोळ घालतात. ते ऐकले की डोळ्यांपुढे उतरंडीतलं कललेलं मडकं येतं, आणि मग कोणीतरी धक्का देऊन ते सरळ करावं असं वाटणं ओघानेच आलं. प्रत्यक्षात गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जखडलेली असते. तिच्या कडेने तंतूंचं अनेक पदरी कडं असतं आणि मध्ये ओलसर, लिबलिबीत गर. वयाने, रोजच्या भाराने, कधी एखाद्या वाकड्या उचलण्याने त्या कड्याला चीर पडते आणि गर त्या चिरेतून फुगतो किंवा बाहेर येतो. शेजारून जाणाऱ्या नसेला तो टेकतोच, शिवाय तिथे सूजही आणतो. पायात उतरणारी कळ ही दाब आणि सूज या दोघांची मिळून असते. पिकून तडकलेल्या फळातून बाहेर आलेला गर बाहेरून दाबून कोणी आत घालू शकेल का? मग पाठीवर, कातडी, स्नायू आणि हाडांच्या वरून दिलेल्या एका झटक्याने तो आत जातो, हे आपण कशाच्या बळावर मानतो?

आवाजाच्या बळावर. कट् असा आवाज आला म्हणजे काहीतरी जागेवर बसलं, ही आपली लहानपणापासूनची समजूत आहे. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान मोडून घेणाऱ्याला हाच आवाज हवा असतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक घटतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते, तेव्हा हा आवाज होतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून, आवाज होतानाचं चलत्चित्रच घेण्यात आलं. त्यात पोकळी तयार होताना दिसली. त्या संशोधनाचं नेतृत्व करणारे ग्रेगरी कॉचक स्वतः कायरोप्रॅक्टिक शिकलेले आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पाठीत आवाज होतो तोही मणक्यांच्या मागच्या बाजूच्या लहान सांध्यांत. गादी त्यांच्या पुढे, वेगळ्याच ठिकाणी असते. झटक्यानंतर बरं वाटतं हे खरं आहे; स्नायू सैलावतात, दुखणं काही काळ दबतं. पण त्या आवाजाचा आणि बाहेर आलेल्या गराचा संबंध नाही.

हाडांच्या जागेवरून सगळं ठरतं, ही कल्पना कायरोप्रॅक्टिकच्या जन्मापासूनची. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतलं हाड दाबून बसवलं आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. ऐकण्याची नस मेंदूतून निघून कवटीच्या आतूनच कानात जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. तरी त्या एका प्रसंगावर, मणका जागेवरून ढळला की रोग होतो, असं पूर्ण शास्त्र उभं राहिलं. पण शल्यविद्येनेही पुढे याच चित्राच्या सख्ख्या भावाला घरात घेतलं, हे मामांसारख्यांना कोण सांगणार? बोस्टनमधल्या विल्यम मिक्सटर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, मागे बाहेर आलेली गादी असू शकते आणि ती काढता येते. शोध मोठाच होता. पण त्यातून रोग्याच्या आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही मनात एक समीकरण पक्कं झालं: चित्रात गादी बाहेर दिसली की दुखण्याचं कारण सापडलं, आणि कारण काढलं की दुखणं गेलं.

हे समीकरण चित्रांनीच मोडलं. २०१५ मध्ये ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या. म्हणजे केस पिकावेत तशी गादी झिजते. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आलाय' असं एकदा कानावर पडलं की माणूस आयुष्यभर वाकायला घाबरतो, कमरेचा पट्टा सोडत नाही. कित्येकदा त्या रिपोर्टात वयापलीकडचं काहीच नसतं. रिपोर्ट आधी आणि रोग्याचा पाय नंतर, हा क्रम दोन्ही पक्षांना सोयीचा आहे, कारण रिपोर्ट दाखवून ऑपरेशनही विकता येतं आणि दहा बैठकांचं पॅकेजही.

आता बरं होण्याबद्दल. सहा वर्षांपूर्वी माझीही हीच गादी बाहेर आली होती. पहिले दोन आठवडे गोळ्या, मग फिजिओचे व्यायाम, मधेच आत्याने पाठवलेलं निर्गुडीचं तेल, आणि सातव्या आठवड्यात एका ओळखीच्या माणसाने कंबर 'मोकळी' करून दिली. नवव्या आठवड्यात मी जिना चढू लागलो. श्रेय कोणाचं? चौघांनीही ते आपापल्या परीने घेतलं आणि मी तेव्हा शेवटच्याला दिलं, कारण तो शेवटी आला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ते हेच. बाहेर आलेल्या गराला शरीर परकं समजतं, त्याच्याभोवती रक्तवाहिन्या येतात, पांढऱ्या पेशी येतात आणि त्याला हळूहळू संपवतात. २०१५ मध्येच झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात असं दिसलं की तुटून पूर्ण वेगळा झालेला तुकडा ९६ टक्के रोग्यांत आपोआप आकसला, कड्याबाहेर आलेला पण जोडलेला गर ७० टक्के रोग्यांत, आणि नुसती फुगलेली गादी फक्त १३ टक्के रोग्यांत. एमआरआयच्या चित्रात जे सर्वात भयंकर दिसतं, तेच शरीर सर्वात चांगलं निस्तरतं! हे मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी कितीतरी रात्री नीट झोपलो असतो.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा बळकट मुद्दा मला लपवायचा नाही. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या २८३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवलं. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ऑपरेशनवाले कितीतरी लवकर मोकळे झाले, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. मात्र थांबवलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हा आकडा 'ऑपरेशन टाळा'वाले कधी उच्चारत नाहीत. पुढे २०२० मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात, चार महिन्यांहून जास्त काळ सायटिका रेंगाळलेल्यांना ऑपरेशनने स्पष्ट जास्त आराम मिळाला. म्हणून ऑपरेशन म्हणजे लूट, असं म्हणणारा माणूस रोग्याचा मित्र नव्हे.

कायरोप्रॅक्टिकच्या बाजूचे मुद्देही मी तितक्याच मोकळेपणाने मान्य करतो. इटलीत २००६ मध्ये गादी फुगलेल्या १०२ रोग्यांपैकी अर्ध्यांना खरे झटके दिले आणि अर्ध्यांना नुसता तसा देखावा केला. खऱ्या झटक्यांच्या गटात पायातली कळ पूर्ण गेलेले ५५ टक्के, देखाव्याच्या गटात २० टक्के. कॅनडात २०१० मध्ये ऑपरेशनसाठी पाठवलेल्या ४० रोग्यांत निम्म्यांना आधी कायरोप्रॅक्टिक उपचार दिले, तर त्यांतल्या ६० टक्के लोकांना ऑपरेशनइतकाच फायदा झाला. ज्यांना झाला नाही त्यांचं नंतर ऑपरेशन झालं आणि तेही सुधारले. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत मणक्यांना हाताने झटका देण्याचा उपचारही आहे. आणि सर्वात मोठा मुद्दा कोणत्याच आकड्यात नाही. कायरोप्रॅक्टर रोग्याला हात लावतो. तो अर्धा तास देतो. आपल्या गर्दीच्या ओपीडीत ऑर्थोपेडिक डॉक्टरांसमोर उभं राहिल्यावर तीन मिनिटांत फिल्म खिडकीकडे धरली जाते, गोळ्या लिहिल्या जातात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. ज्याच्या दुखऱ्या पाठीला कोणी बोटही लावलं नाही, त्याने हात लावणाऱ्याकडे जाऊ नये असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण या मान्यतेतून काय निघतं ते नीट पाहावं लागेल. इटलीतला आणि कॅनडातला, दोन्ही अभ्यास लहान आहेत. पुढे २०१९ मध्ये जुनाट कंबरदुखीवरचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा झटक्यांचा गुण व्यायामासारख्या इतर चांगल्या उपायांच्या आसपासच निघाला, फार वर नाही आणि खालीही नाही. म्हणजे हा अनेकांतला एक बरा उपाय आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं असं की त्या अभ्यासांतल्या प्रत्येक रोग्याची आधी तपासणी झाली होती. ज्यांचे पाय लुळे पडू लागले होते, ज्यांची लघवी अडली होती, त्यांना आत घेतलंच नव्हतं. गाळून घेतलेल्या रोग्यांवर मिळालेलं यश दाखवून, न गाळता सगळ्यांना झटके देणाऱ्याने आपली पाटी रंगवावी, हे योग्य आहे का?

वैद्यकाने या हातांशी कसं वागावं, हा वाद दीडशे वर्षांचा आहे. इंग्लंडमध्ये सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यचिकित्सकाने १८६७ मध्ये हाडवैद्य जे रोगी बरे करतात त्यांच्यावरच एक व्याख्यान दिलं. आपल्या पेशातल्या लोकांना त्याने सांगितलं की तुमच्यापैकी प्रत्येकाचा एखादा तरी हाडवैद्य प्रतिस्पर्धी असणार, तेव्हा त्याचं चांगलं ते शिका आणि वाईट ते टाळा. पेशाने हे ऐकलं नाही. हर्बर्ट बार्कर नावाच्या प्रसिद्ध हाडवैद्याच्या रोग्यांना भूल दिली म्हणून डॉक्टर ॲक्सहॅम यांचं नाव १९११ मध्ये वैद्यक नोंदणीतून काढून टाकलं गेलं, आणि १९२२ मध्ये त्याच बार्करला सरकारने 'सर' केलं. अमेरिकेत वैद्यक संघटनेने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमून कायरोप्रॅक्टिक संपवण्याचा चंगच बांधला. चेस्टर विल्क आणि सहकारी कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी संघटनेचा तो बहिष्कार बेकायदा ठरवला. हा निकाल आज कायरोप्रॅक्टिकच्या सत्यतेचा दाखला म्हणून फिरवला जातो. तो तसा नाही. व्यापारात अडथळा आणला म्हणून लागलेला तो निकाल होता; मणका ढळल्याने रोग होतो की नाही, हे त्या कोर्टाने ठरवलं नाही. उलट दिशेचं उदाहरण ब्रिटनचं. लहान मुलांच्या दम्यावर आणि पोटदुखीवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो या दाव्यांवर विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये टीका केली, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने पुरावा पुढे करण्याऐवजी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील कोर्टात सिंग यांची बाजू वरचढ ठरली आणि संघटनेने दावा मागे घेतला. दोन्ही ठिकाणी बहिष्काराने आणि दाव्यांनी वर्षं खाल्ली. त्या वर्षांत रोग्याच्या पदरात काय पडलं?

डॉक्टरांचा सर्वात गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो खरा आहे. मानेला जोरात पीळ देऊन झटका दिला तर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. कमरेत आधीच बाहेर आलेला मोठा तुकडा असेल तर मणक्याच्या नळीतल्या शेवटच्या नसांच्या जुडग्यावर दाब वाढू शकतो. यावर कायरोप्रॅक्टर म्हणतात की असं फार क्वचित होतं, आणि कॅनडातल्या ऑन्टारियोचा २००८ चा अभ्यास पुढे करतात. तिथे नऊ वर्षांत त्या प्रकारचा पक्षाघात झालेल्या ८१८ जणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांत आणि साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांत सारखाच संबंध दिसला. म्हणजे धमनीला आधीच चीर पडलेली असावी आणि मान दुखू लागली म्हणून माणूस दोघांपैकी कोणाकडे तरी गेला असावा. युक्तिवाद दमदार आहे. पण तो ऑन्टारियोत करता आला, कारण तिथे कायरोप्रॅक्टरची नोंद होते, त्याच्याकडची प्रत्येक भेट सरकारी विम्याच्या दप्तरी होती, आणि पक्षाघाताचा प्रत्येक रोगीही. आपल्याकडे 'क्वचित' हा शब्द कोणत्या वहीतून काढला? ज्या दुकानाची नोंद नाही, त्यातून लंगडत बाहेर पडलेल्या माणसाची नोंद कुठे असणार? झटक्यानंतर रडत-हसत उभा राहिलेला माणूस व्हिडिओत दिसतो. तीन दिवसांनी घोटा उचलेनासा झालेला माणूस कोणाच्याच कॅमेऱ्यात नसतो.

आणि इथे मी पहिल्या संध्याकाळच्या त्या न विचारलेल्या प्रश्नांकडे परत येतो. मणक्यातला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा झुबका लोंबत असतो. पाय, लघवी, संडास, लैंगिक संवेदना यांची सगळी दोरी त्यात. मोठा तुकडा मधोमध येऊन त्यावर बसला तर जांघांमधला, घोड्याच्या खोगिरावर टेकतो तेवढा भाग बधिर होतो, लघवी अडते किंवा कळत नाही, दोन्ही पाय कमकुवत होतात. इथे थांबायचं नसतं, झटका द्यायचा नसतो, गोळ्या लिहून आठ दिवसांनी बोलवायचं नसतं. तासांचा हिशोब असतो; दाब वेळेत काढला नाही तर माणूस कळेपासून सुटतो पण लघवीची पिशवी जन्मभर सोबत राहते. हे रोगी फार थोडे. पण त्या थोड्यांना ओळखण्यासाठीच तर बाकी सगळ्यांनी आधी कोणातरी शिकलेल्या माणसासमोर उभं राहायचं. ही तपासणी महाग नाही. पायाचा अंगठा वर उचलायला लावणं, टाचांवर-चवड्यांवर चालवणं, गुडघ्यावर हातोडी मारणं, टाचणीने संवेदना पाहणं, आणि न लाजता चार प्रश्न विचारणं. दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांची सक्ती कोणावर आहे?

डॉक्टरवर आहे. तो चुकला तर वैद्यक परिषद आहे, ग्राहक न्यायालय आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्य परिषद आहे. २०२१ मध्ये केंद्राने डॉक्टर-नर्सखेरीजच्या आरोग्यव्यवसायांसाठी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. म्हणजे परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेला कायरोप्रॅक्टर आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून आलेला तरुण, दोघांच्या पाटीवर एकच शब्द, आणि दोघांच्या मागे कोणतीच परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच या शिक्षणाची किमान मर्यादा सांगितली आहे: पूर्ण वेळ ४,२०० तास, त्यांत देखरेखीखाली रोगी पाहण्याचे १,००० तास. याचा आपल्या गल्लीतल्या पाटीशी काही मेळ आहे का? खरे शिकलेले कायरोप्रॅक्टरच या गोंधळात जास्त भरडले जातात, असं मला वाटतं.

म्हणून मला बंदी नको आहे आणि आजचा मोकाटपणाही नको आहे. नोंदणी हवी, शिक्षणाच्या तासांची अट हवी, पहिल्या झटक्याआधी लेखी तपासणी आणि रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि 'गादी बसवतो' या दाव्याच्या जाहिरातीवर सरळ मनाई हवी. पायातली ताकद कमी झालेली असेल, लघवीची तक्रार असेल, तर झटका न देता लेखी चिठ्ठीनिशी रुग्णालयात पाठवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्य असावं.

यावर माझे डॉक्टर मित्र म्हणतात की नोंदणी म्हणजे भोंदूगिरीला सरकारी शिक्का. हा आक्षेप मी बरेच दिवस खरा मानत होतो. माझं मत फिरलं ते ब्रिटनमुळे. तिथे १९९४ मध्ये कायरोप्रॅक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यातून जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल स्थापन झाली. त्याच कौन्सिलने २०१० मध्ये स्वतः जाहीर केलं की मणका ढळल्याने रोग होतात याला संशोधनाचा आधार नाही, ती ऐतिहासिक कल्पना आहे. पामरच्या वारसांनी पामरच्या पायाचा दगड स्वतः बाजूला काढला, कारण कायद्याने त्यांना लोकांना उत्तर देणं भाग पाडलं होतं. बहिष्कार घालून अमेरिकेतल्या डॉक्टरांना हे साधलं होतं का? नोंदणी ही माणसाची असते, त्याच्या गुरूच्या सिद्धांताची नव्हे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेत, हाडवैद्याकडे जात, तेव्हा कुठे परिषदा होत्या? खरं आहे. पण गावचा हाडवैद्य गावात राहत होता. त्याच्या हातून कोणाचा पाय गेला तर दुसऱ्या दिवशी तो पारावर सर्वांना दिसायचा, आणि चार गावांत बोलबाला व्हायचा. त्याची नोंद लोकांच्या तोंडी होती. पायाळू माणसाच्या पायात झटका नव्हता आणि त्याचं बिलही नव्हतं. शहरात भाड्याच्या गाळ्यात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला ती जुनी पत उसनी घेता येणार नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्ष बोलतच नाहीत, आणि मला तिची सर्वात जास्त चीड येते. 'सहा आठवडे थांबा, बहुतेक बरं होईल' हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण तो कोणाला परवडतो? ज्याची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद आहे, त्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. स्वतःचा टेम्पो हाकणाऱ्या दादाला नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याच्या बिगाऱ्याला नाही. मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याला बांधला गेलेला ऊसतोड कामगार आडवा पडला तर उलट खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाला डॉक्टर महिने सांगतो आणि व्हिडिओतला माणूस उद्या सकाळ सांगतो. तो उद्या सकाळ विकत घेतो, यात त्याचा अडाणीपणा कुठे आहे? आणि ही पाठ मोडते कशाने? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाला हाताने ५५ किलोंहून जास्त भार वाहायला लावू नये. साखरेचं पोतं एके काळी क्विंटलचं असायचं आणि माणसं ते पाठीवर घेऊन फळीवरून चढायची. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, हमालाच्या पाठीला कायद्यात जागा दिली, देशात हे आधी कोणी केलं नव्हतं. पण गोणी हलकी करण्याची भांडणं अजून संपलेली नाहीत, आणि माथाडी मंडळाबाहेर ओझं उचलणाऱ्यांची गणतीच नाही. गादी कोणी बसवायची यावर आपण जितका घसा कोरडा करतो, त्याच्या निम्मा तरी ती फाटू नये यासाठी करायला नको का?

त्या संध्याकाळी मी दादाला विचारलं. लघवी ठीक होती, बधिरपणा नव्हता. टाचांवर चालताना डाव्या पायाचा चवडा मात्र किंचित खाली येत होता. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टर मुलीने वीस मिनिटं त्याला तपासलं, अंगठ्याची ताकद कागदावर लिहिली आणि दर आठवड्याला दाखवायला सांगितलं. कमी झाली तर ऑपरेशन, नाहीतर व्यायाम आणि वाट पाहणं. वहिनीचं समाधान झालं नव्हतं. तिने त्या व्हिडिओवाल्यांना माझ्यासमोर फोन लावला. तुमचं शिक्षण काय, आधी तपासाल का, पायात ताकद कमी असली तर काय कराल, असे तीन प्रश्न मी तिला लिहून दिले होते. पलीकडून दहा बैठकांच्या पॅकेजची रक्कम सांगितली गेली आणि आगाऊ किती भरायचे तेही. तिने फोन ठेवला.

आता सहावा आठवडा आहे. कळ अंगठ्यातून पोटरीत आणि पोटरीतून मांडीपर्यंत मागे आली आहे. रोज सकाळी दादा ओट्याच्या कडेने टाचांवर चालतो आणि वहिनी त्याच्या डाव्या पायाकडे पाहत उभी राहते. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, हप्त्याची तारीख दहा. काल त्याने मला विचारलं की नुसतं चालवायला काय हरकत आहे, माल उचलायला हमाल लावतो. मग कागद घेऊन हमाली वजा जाता एका खेपेत किती उरतं ते मांडत बसला.